पूर, पायवाट आणि पहिले अठ्ठावीस दिवस

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा नकाशा मेजावर पसरून पाहणाऱ्या वाचकाच्या नजरेत प्रथम भरतो तो अरण्याचा हिरवा रंग, आणि मग त्या हिरव्यातून दक्षिणेकडे उतरत गेलेल्या नद्यांच्या निळ्या रेघा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या अरण्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, आणि बस्तरचे पाणी घेऊन येणारी इंद्रावती भामरागडाजवळ पर्लकोटा व पामुलगौतम यांना आपल्यात सामावून घेत त्याच गोदावरीच्या दिशेने निघते. या रेघांवरून बोट फिरविताना अंतरे फार मोठी वाटत नाहीत. परंतु वैशाखात जी नदी गुडघाभर पाण्यातून मुलाला कडेवर घेऊन ओलांडता येते, तीच नदी आषाढात गावाच्या आणि दवाखान्याच्या मध्ये आठ-आठ दिवस आडवी पसरते, आणि तेव्हा दहा किलोमीटरांवरचे प्राथमिक आरोग्य केंद्र त्या गावापुरते अस्तित्वातच नसल्यासारखे होते. या मुलखात मृत्यूचे कारण म्हणून दप्तरात हिवताप लिहिला जातो, फुप्फुसदाह लिहिला जातो, अपुऱ्या दिवसांचे बाळ असेही लिहिले जाते. त्या सर्वांच्या आधी जे कारण घडून गेलेले असते, त्या अंतरासाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही. या प्रकरणाचा विषय तो न लिहिलेला रकाना आहे.

या अंतराला इतिहास आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख इंग्रजी अंमलाखाली आला. सिरोंचाकडचा प्रदेश १८६० च्या तहाने निजामाकडून मिळाला आणि काही वर्षे ‘अपर गोदावरी’ या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सिरोंचा हे होते. त्या काळच्या सरकारला या नद्यांत अडथळा दिसत नव्हता, राजमार्ग दिसत होता. वऱ्हाडचा कापूस गोदावरीच्या पात्रातून नावांनी पूर्व किनाऱ्यापर्यंत न्यावा, त्यासाठी पात्रातील खडकांचे टप्पे कालवे आणि बंधारे बांधून टाळावेत, अशी मोठी तजवीज सर आर्थर कॉटन यांच्यासारख्या स्थापत्यविशारदांच्या आग्रहाने हाती घेण्यात आली होती आणि तिच्यावर विपुल पैसा खर्चही झाला. पण कापसाने रेल्वेचा रस्ता धरला, जलमार्गाचे काम १८७१ मध्ये सोडून देण्यात आले, आणि १८७४ मध्ये सिरोंचाही चांदा जिल्ह्याला जोडण्यात आले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे सिरोंच्याच्या रयतेची मोठी कचेरी चांद्यालाच राहिली. दाखला हवा असो, दाद मागायची असो वा मोठ्या रुग्णालयात जायचे असो, दोनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास तिच्या नशिबी होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, कचेरी जवळ आली. तरी चौदा हजार चारशे चौरस किलोमीटरांहून मोठ्या या जिल्ह्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे आणि उत्तरेच्या कोरचीहून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत जाणाऱ्याचा सबंध दिवस आजही वाटेतच जातो. रेल्वेचे म्हणाल तर गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारा मार्ग या जिल्ह्याला वडशापाशी स्पर्श करून निघून जातो.

२०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरास ३६५ माणसे होती. गडचिरोलीत ती ७४ होती. शासनाचा शिरस्ता असा की लोकसंख्या पाहून दवाखाना द्यावयाचा. आदिवासी भागासाठी तो निकष शिथिल करून वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा ठेवण्यात आला आहे. सहानुभूतीने केलेली ही सवलत खरी, पण तिचाही पाया माणसे मोजण्याचाच आहे. आणि जेथे तीन हजार माणसे दहा-पंधरा टोल्यांत, म्हणजे लहान वाड्यांत, तीन-चार नाल्यांच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेली असतात, तेथे डोकी मोजून ठरविलेले उपकेंद्र निकषात बरोबर बसते आणि प्रत्यक्षात पोहोचत नाही. नाले मोजून दवाखाने देण्याचा विचार या निकषात आला नाही, याचे मला नेहमीच वैषम्य वाटत आले आहे.

कोलंबिया विद्यापीठातील सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी १९९४ मध्ये प्रसूतीतील मृत्यूंचा विचार करताना विलंबाचे तीन टप्पे सांगितले: मदत घ्यावी हे ठरविण्यातला विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. सोयीसाठी केलेले हे विभाजन अरण्यात फार काळ टिकत नाही, कारण दुसरा विलंब पहिल्याला जन्म देतो. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातील एखाद्या आडगावी रात्री बाईला कळा सुरू झाल्या, पाऊस कोसळत असला, आणि नाला भरल्याचा आवाज घरापर्यंत येत असला, तर घरातील वडीलधारी माणसे ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणतात. बाहेरचा माणूस याला अज्ञान म्हणतो. पण निघायचे म्हणजे काय, हे त्याने एकदा पाहिले पाहिजे: बाजेच्या चारी पायांना दोर आवळून तो मधल्या जाड बांबूवर बांधावयाचा, बाजेवर गोधडी, तिच्यावर ती बाई, वर पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, पुढे दोघे, मागे दोघे, खांदे बदलायला आणखी चौघे, आणि एकाच्या हाती विजेरी. चिखलात पाय रुततो तसा बांबू हेलकावतो आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती कण्हते. नाल्याशी आल्यावर पाणी छातीपर्यंत असेल तर ही कावड डोक्यावर धरतात; त्याहून वर असेल तर डोंगा शोधावा लागतो किंवा काठावर बसून राहावे लागते. एवढे करून डांबरी रस्त्यापर्यंत यावयाचे, आणि तेथे रुग्णवाहिका उभी असेल ही खात्री भ्रमणध्वनीला लहर नसल्याने कोणी देऊ शकत नाही. हे सारे ज्यांनी एकदा केले आहे, ते पुढच्या वेळी सकाळची वाट पाहतात. त्यांचा तो निर्णय अनुभवातून आलेला असतो. आणि ही वाट परतीचीही असते: २०२४ च्या सप्टेंबरात अहेरी तालुक्यात तापाने दगावलेल्या आपल्या दोन लहानग्यांना खांद्यावर घेऊन एक आईबाप चिखलातून पंधरा किलोमीटर चालत गावी गेल्याचे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

भामरागडचे उदाहरण तर दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून येते. पर्लकोटेवरील जुना पूल ठेंगणा. पुराचे पाणी त्याच्यावरून वाहू लागले की तालुक्याचे ठिकाणच आलापल्लीकडून तुटते, आणि मग त्याच्या पलीकडे असलेल्या गावांची गणना कोणी करावी? म्हणून पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांतून धान्य व औषधे आगाऊ पोहोचविण्याची तरतूद करण्यात आली, आणि प्रसूतीचे दिवस भरत आलेल्या स्त्रीने आधीच येऊन राहावे म्हणून आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघरे’ उघडण्यात आली. योजना शहाणपणाची आहे. पण नदीला पूर येतो त्याच दिवसांत धानाची रोवणी असते; घरात धाकटे मूल असते, कोंबड्या-बकऱ्या असतात, आणि बाई हीच त्या घरातील अर्धी मजुरी असते. ती आठ-दहा दिवस माहेरघरी जाऊन राहिली तर तिच्या घरच्यांच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई होते की नाही, आणि झाली तर ती वेळेवर हाती पडते की नाही, यावर ते माहेरघर भरलेले राहणार की ओस पडणार हे अवलंबून असते.

आता हिवतापाकडे वळू. रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात या रोगाचे जंतू प्रथम पाहिले ते ऑगस्ट १८९७ मध्ये, याच गोदावरी खोऱ्याच्या दक्षिणेस सिकंदराबादेत. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी अनेक वर्षे महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांचा फार मोठा हिस्सा एकट्या गडचिरोलीचा राहिला. अरण्यातील संथ वाहणारे स्वच्छ नाले ही अ‍ॅनॉफिलिस डासिणीची आवडती जागा. येथील जंतूंत फॅल्सिपेरम ही जात प्रबळ, आणि ती मेंदूपर्यंत गेली की तापाचे दोन दिवस आणि बेशुद्धीचा एक दिवस एवढ्यात मूल जाते. पूर्वी रक्ताचा नमुना काचपट्टीवर घ्यावयाचा, ती काचपट्टी प्रयोगशाळेत जावयाची, आणि तिचा निकाल येईपर्यंत रुग्ण एकतर बरा झालेला असे किंवा पुरलेला असे. बोटाच्या टोकातून एक थेंब घेऊन वीस मिनिटांत निदान सांगणारी पट्टी जेव्हा गावातल्या आशा सेविकेच्या पिशवीत आली, तेव्हा औषधशास्त्रात फार मोठी क्रांती झाली असे नव्हे. प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर नाहीसे झाले, आणि तेवढ्याने पुष्कळ काम झाले.

हाच विचार या मुलखात त्याआधी एका निराळ्या प्रश्नाच्या बाबतीत अत्यंत काटेकोरपणे तपासून पाहिला गेला होता, आणि त्याची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ ही त्यांची संस्था येथे काम करू लागली. बालमृत्यू मोजताना त्यांना प्रथम दिसला तो फुप्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया. लहान मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले की या रोगाचे निदान बरेचसे करता येते. पण गावातील सुईण निरक्षर, तिला पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नाही, आणि घड्याळ तिच्याजवळ नाही. यावर त्यांनी एक श्वासमापक तयार केला. एका लहानशा लाकडी चौकटीत वाळूचे घड्याळ, एक मिनिटात रिकामे होणारे. त्याच्या शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. सुईणीने बाळाचे उघडे पोट पाहत दहा श्वास मोजावयाचे आणि एक मणी सरकवावयाचा, पुन्हा दहा मोजावयाचे आणि दुसरा सरकवावयाचा. प्रत्येक ओळीतील अखेरचा मणी तांबडा. वाळू संपण्याआधी त्या तांबड्या मण्यावर हात गेला, तर मुलाला फुप्फुसदाह आहे, औषध सुरू करावयाचे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या हाताला वैद्याचे निदान करता यावे अशी ही रचना आहे. मला तिच्यात विद्वत्तेचा जो नम्रपणा दिसतो तो मोठमोठ्या यंत्रांत क्वचितच आढळतो.

पुढे लक्षात आले की मरणाऱ्या अर्भकांपैकी बहुसंख्य पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात, आणि या वयात बाळाला घराबाहेर काढावयाचे नाही असा लोकांचा रिवाज असल्याने रुग्णालयाची इमारत कितीही चांगली असली तरी तिचा लाभ त्याला होत नाही. तेव्हा ३९ गावांत थोडेबहुत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले, आणि तुलनेसाठी ४७ गावे नेहमीच्या सरकारी व्यवस्थेवर ठेवण्यात आली. आरोग्यदूत प्रसूतीच्या वेळी सुईणीबरोबर हजर राही. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देई, त्याचे वजन करी, कमी वजनाच्या बाळाला ऊब राहील अशा पिशवीत गुंडाळण्यास शिकवी, आईचे दूध लगेच पाजवी. आणि पुढील महिनाभर ठरावीक दिवशी घरी येऊन जंतुसंसर्गाची लक्षणे पाही. दूध ओढणे थांबले, रडणे क्षीण झाले, अंग गार किंवा गरम लागले, अशी खूण दिसली आणि आईबाप रुग्णालयात जाण्यास राजी नसले, तर ती स्वतः जेंटामायसिनचे इंजेक्शन देई. खेड्यातील सातवी-आठवी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचावी, ही कल्पनाच त्या वेळच्या वैद्यकवर्गाला अमान्य होती. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत त्याच वर्षी ते ५९.६ होते. एका बाळामागे खर्च सुमारे सव्वापाच डॉलर. इमारत नवी नव्हती, रस्ता नवा नव्हता, नदी तीच होती. उपचार फक्त पाण्याच्या अलीकडे आणून ठेवले होते. २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेची ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर लागू केली, आणि गडचिरोलीच्या पायवाटांवर सिद्ध झालेली गोष्ट राजस्थानपासून आसामपर्यंत गेली.

याच दिशेने, पण निराळ्या वाटेने, बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडाजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ऐन अरण्यात दवाखाना चालविला. त्यांच्या कार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे एवढेच नोंदवितो की त्यांनीही प्रथम अंतरावरच उपाय केला: रोग्याची वाट न पाहता दवाखाना रोग्याच्या मुलखात जाऊन राहिला.

घराच्या उंबऱ्यावर जे देता येते ते तेथे द्यावे, याचा अर्थ रस्ता आणि पूल नकोत असा कोणी काढू नये. अडलेल्या प्रसूतीला शस्त्रक्रिया लागते, रक्त लागते. ती आरोग्यदूताच्या पिशवीत मावत नाहीत. तेव्हा रस्ता का होत नाही, हे पाहिले पाहिजे. १९८० पासून या अरण्यात नक्षलवाद्यांचा वावर सुरू झाला, रस्त्याची कामे अडविली गेली, यंत्रे जाळली गेली, हे एक कारण. दुसरे कारण कागदाचे. त्याच १९८० सालच्या वनसंवर्धन अधिनियमाने वनजमिनीवरील कोणत्याही बिगर-वन कामासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी आवश्यक केली. अरण्य वाचविण्यासाठी हे योग्यच होते, पण एका टोल्याकडे जाणाऱ्या दोन किलोमीटरांच्या वाटेलाही तोच लांबचा प्रवास करावा लागे. हा अन्याय २००६ च्या वनहक्क अधिनियमाने दूर केला. त्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा तेरा सार्वजनिक सोयी सांगितल्या असून, प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे तोडावी लागत नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवरून ती जमीन जिल्ह्यातच देता येते. म्हणजे पुलाची आणि रस्त्याची पहिली कळ ग्रामसभेच्या हाती आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा करून २००९ मध्ये अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावरचा हक्क मिळविला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला, हे सर्वश्रुत आहे. पण त्याच कायद्यातील सोयींच्या या कलमाचा बोलबाला तितका झाला नाही, आणि माझ्या मते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते कलम ठळक अक्षरांत रंगवून ठेवण्यासारखे आहे.

चंद्रपूरकडे आले की चित्र बदलते. येथे रेल्वे आहे, कोळसा आहे, हमरस्ते आहेत, २,९२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. येथे दवाखाना जवळ आहे. आजाराचे कारणही जवळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली तेव्हा ८३.८८ गुणांनी चंद्रपूर चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित क्षेत्र ठरले आणि तेथे नव्या उद्योगांना काही काळ मनाई करण्यात आली. कोळशाची धूळ, राखेचे ढीग, इरई नदीचे गढूळ पात्र आणि उन्हाळ्यातील देशविख्यात उष्मा यांत तेथील माणूस श्वास घेतो. या वीजकेंद्राच्या परिसरातून १९९९ पासून एक उच्चदाब वीजवाहिनी ७५२ किलोमीटरांवर ठाण्याजवळच्या पडघ्यापर्यंत जाते. तेवढे अंतर ओलांडण्याचे सामर्थ्य, पैसा आणि निर्धार आपल्याजवळ होता, हे विसरता येत नाही. अलीकडे एटापल्लीतील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या मार्गावर अवजड वाहनांच्या रांगा लागतात. खनिजासाठी रस्ते रुंद होत आहेत, त्यांवरून रुग्णवाहिकाही जाईल हे खरे, परंतु रुंद रस्ता खाणीपासून कारखान्यापर्यंत जातो आणि टोल्यापासून खाणीच्या रस्त्यापर्यंतची पायवाट जशीच्या तशी राहते. तीच पायवाट बाईला चालावी लागते.

तिच्याप्रमाणेच ती वाट चालते ती आशा सेविका. या साऱ्या व्यवस्थेचा भार जिच्या चपलांवर आहे, तिच्या मोबदल्याचा विचार करून हे प्रकरण संपवितो. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असा नियम असला तरी आदिवासी भागात तो शिथिल करून वस्तीगणिक एक आशा नेमण्याची मुभा आहे, आणि ते चांगलेच झाले. पण तिच्या उत्पन्नाचा एक भाग कामागणिक मिळणाऱ्या रकमेचा आहे. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा किंवा सात भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये, असा दर केंद्राने ठरविला. मोठ्या गावातील आशेला वर्षात वीस-पंचवीस बाळे मिळतात आणि ती सर्व एका हाकेच्या अंतरावर असतात. दीडशे वस्तीच्या दोन टोल्यांची आशा वर्षाकाठी चार-पाच बाळांच्या घरी जाते, त्यांतील दोन घरे नाल्यापलीकडे असतात, आणि सातव्या दिवसाची भेट नाल्याला पाणी आहे म्हणून चुकली तर नोंद अपुरी राहते. तिला कष्ट अधिक, जोखीम अधिक, आणि रक्कम पाचवा हिस्सा. फिरतीवरच्या सरकारी नोकराला किलोमीटरांप्रमाणे प्रवासभत्ता देण्याची रीत आपल्या दप्तरांत इंग्रजी अमलापासून चालत आली आहे. तीच रीत या बायांना लागू करावी, दर टोल्याचे अंतर पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती याची तलाठ्याकडून एकदा मोजणी करून घ्यावी, आणि पाऊस पडू लागला की जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाळी अंतराप्रमाणे पैसे द्यावेत. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात याला लागणारी रक्कम एखाद्या लहानशा पुलाच्या खर्चाहूनही कमी भरेल.